अश्वमुखावरणे, खानदेशातील

घोड्याचे कपाळ, डोळे व नाकाड यांच्या रक्षणासाठी किंवा त्याच्या दृष्टीचे नियमन करण्यासाठी वापरली जाणारी आवरणे. धातूचे मुखत्राण, कातडी झापडे अथवा ढापणे, डोळ्यांवर बांधावयाची कापडी अंधारी, कपाळपट्टीस लावलेली दोऱ्यांची झालर आणि अलीकडचा जाळीचा मुखवटा हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. दाणा चारण्याचा तोबराही तोंडावरच चढवितात. परंतु तो आवरण नसून भांडे होय, म्हणून येथे त्याचा विचार केलेला नाही. तापीच्या खोऱ्यात, म्हणजे सांप्रतच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, हे बहुतेक प्रकार निरनिराळ्या काळी प्रचारात आले. त्यांपैकी काही घोड्याच्या हिताचे, तर काही केवळ स्वाराच्या वा हाकणाऱ्याच्या सोयीचे होते.

या भेदाचे मूळ घोड्याच्या शरीररचनेत आहे. त्याचे डोळे आकाराने मोठे असून डोक्याच्या दोन्ही बाजूंस बसविलेले असतात. त्यामुळे मान न वळविता त्यास सभोवारचे सु. ३५०° क्षेत्र दिसते. अगदी पाठीमागचा आणि कपाळासमोरचा थोडा भागच तेवढा दृष्टीआड राहतो. बुबुळाच्या कडेवर काळसर गाठींसारखी वाढ असते. ती प्रखर उन्हात बाहुलीवर छाया धरते. मात्र बाजूस आलेला हा डोळा धूळ, काटे, चाबूक व माश्या यांना सहज सापडतो.

रणांगणावर घोड्यास घालावयाच्या चिलखतास मराठीत पाखर म्हणतात. हा शब्द प्राकृत पक्खर व संस्कृत प्रक्षर यांच्याशी संबद्ध आहे. पाखरेचा डोक्यावरील भाग तो कश्क. या तुर्की शब्दाने मुळात घोड्याच्या कपाळावरील पांढरा पट्टा दर्शविला जाई. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीतील शस्त्रागाराच्या यादीत कश्क व मानेवरची गर्दनी या दोन्ही वस्तूंची नोंद आहे. हा ग्रंथकार खानदेशाला परका नव्हता. असीरगडच्या मोहिमेत तो स्वतः होता आणि जानेवारी १६०१ मध्ये तो किल्ला पडून फारुकी सुलतानांचे राज्य संपुष्टात आले. यूरोपातील पंधराव्या-सोळाव्या शतकांतील मुखत्राणे पुष्कळदा एकाच घडीव पत्र्याची असत. याउलट भारतीय मुखत्राणात लहान पत्रे कड्यांच्या जाळीने जोडून आतून कापसाचे अस्तर देत. उष्ण हवेत घोड्याच्या कातडीला तापलेले लोखंड थेट लागू नये, हा अस्तराचा एक उघड लाभ होता. डोळ्यांसाठी खाचा ठेवीत, म्हणजे दृष्टी राखून कपाळ झाकण्याकडे कारागिराचे लक्ष असे.

मराठ्यांनी हा भार टाकला. शिवाजी महाराजांच्या फौजेत बारगिरास सरकारी घोडा मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणी. दोघांचेही बळ वेगात होते. १६७० च्या अखेरीस खानदेश व वऱ्हाडात कारंज्यापर्यंत झालेली दौड लोखंडी मुखत्राणे चढविलेल्या घोड्यांकडून झाली नसती. पुढे बंदुका व तोफा सुधारल्या, तेव्हा पाखरेचा उरलासुरला उपयोगही संपला आणि ती मिरवणुकीपुरती राहिली.

झापडांची कथा वेगळी आहे. गाडीस जुंपलेल्या घोड्यास मागून येणारे चाक व उगारलेला चाबूक दिसून तो बुजू नये, म्हणून डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूंस कातड्याचे दोन तुकडे लावतात. घाण्याच्या बैलाचे डोळे बांधण्याची चाल याहून भिन्न आहे. तेथे दृष्टी पूर्णपणे बंद होते. खानदेशात झापडे लावलेला घोडा सर्वसामान्यांच्या नजरेस पडला तो विशेषतः टांग्यामुळे. लोहमार्ग १८६३ मध्ये भुसावळपर्यंत आला आणि चाळीसगाव–धुळे फाटा १९०० मध्ये सुरू झाला. तेव्हापासून स्थानक ते गाव हे अंतर टांग्याने तोडले जाऊ लागले. १९७० नंतर ऑटोरिक्षांच्या प्रसाराने टांगे मागे पडले. टांगा गेला, तरी ‘झापडबंद’ हे विशेषण मराठीत टिकले.

झापड चांगले बसविलेले असेल, तर डोळ्यापासून दूर राहते. पट्टा सैल झाला वा कातडे वाकले, की ते पापण्यांना घासते. घाम व रस्त्याची धूळ आत साचून डोळे येतात आणि बुबुळावर जखम होऊन प्रसंगी फूल पडते. इंग्लंडमध्ये ॲना स्यूएल यांच्या ब्लॅक ब्यूटी (१८७७) या कादंबरीत झापडांवर आक्षेप घेतलेला आहे. भारतात १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आणि त्याखालील १९६५ चे ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांविषयीचे नियम झाले. त्या नियमांनी काटेरी लगाम निषिद्ध ठरविले. भाड्याच्या घोड्याचा डोळा गेला, तरी तो झापडाआड झाकला जाऊन गाडी चालू राहते, ही यातील खरी अडचण होय.

अंधारीचा उपयोग तात्पुरता असतो. नाल ठोकताना, जखमेवर उपचार करताना किंवा आगीतून बाहेर काढताना बिथरलेल्या घोड्याचे डोळे कापडाने झाकल्यास तो बराच शांत होतो.

खानदेशातील अश्वव्यापाराचे आजचे प्रसिद्ध ठिकाण तापीकाठचे सारंगखेडा (ता. शहादा) हे आहे. हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात ते गेले. सुरत–बऱ्हाणपूर हा जुना व्यापारी मार्ग याच परिसरातून जाई. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी झां बातीस्त ताव्हेर्न्ये नंदुरबार-थाळनेरवरून गेला होता. मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तीत मारवाडी, काठेवाडी, तसेच पंजाबकडील नुकरा जातीचे घोडे येतात. येथे तोंडावर गोंडे, मणी, आरसे व रंगीत म्होरकी दिसतात; पोळ्याच्या बैलाचीच ही हौस म्हणावी. सौदा करताना मात्र हा साज दूर सारावा लागतो. वय दातांवरून ठरते, कपाळावरील भोवरे शुभाशुभ मानले जातात आणि डोळ्याजवळ हात हालवून नजर तपासतात. झाकलेल्या तोंडाचा घोडा जाणकार सहसा घेत नाही.

कपाळपट्टीवरील दोऱ्यांची झालर केवळ शोभेची नाही. मान हालताच दोरे हालतात व डोळ्यांवरील माश्या उडतात. माश्यांचा उपद्रव किरकोळ नसतो : त्या डोळ्यांतील स्राव चाटतात, जखमांत कृमींच्या अळ्या सोडतात, गोमाश्यांच्या दंशाने सर्रा रोग पसरतो. घोड्याच्या डोळ्यात हालताना दिसणारा धाग्यासारखा कृमी मात्र डासांमार्फत येतो. तो पशुवैद्यास शस्त्रक्रियेने काढावा लागतो. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५° से. च्या वर जातो आणि पांढऱ्या नुकरा घोड्याच्या पापण्यांची गुलाबी, रंगद्रव्यहीन त्वचा उन्हाने भाजते; तेथे पुढे कर्करोगही संभवतो. त्यामुळे आरपार दिसणाऱ्या बारीक जाळीचा मुखवटा हे या हवामानात सर्वाधिक उपयुक्त आवरण ठरते; मुखावरणांच्या दीर्घ इतिहासात ते सर्वांत उशिरा आले, ही नवलाची गोष्ट आहे. डोळ्यांसमोर जाळी फुगीर शिवलेली असावी लागते, म्हणजे ती पापण्यांना टेकत नाही. मुखवटा रोज काढून डोळे तपासावेत, जाळी धुवावी आणि रात्री तो चढवू नये. अंधारात त्याने दृष्टी कमी होते.