सदतिसावा फटका

५ डिसेंबर १९८८, सोमवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर पाय ठेवलात की आधी मोबाइल बंद करून आतल्या खिशात टाका. कुणाला दिसलाच तर जपानी कॅल्क्युलेटर म्हणून सांगा, चालून जाईल. उद्या गोर्बाचोव्ह या शहरात उतरणार, परवा संयुक्त राष्ट्रांत भाषण करणार, त्यामुळे रांगेत तोच विषय. मागचा माणूस तुम्हाला ऐकवेल की या रशियनांचा भरवसा नाही, भिंती अशा पडत नसतात. बर्लिनची भिंत आणखी अकराच महिने टिकणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. बोलू नका. आत मास्टर्स टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जे दोघे खेळणार आहेत, त्यांतला एक पश्चिम जर्मनीचा, दुसरा चेकोस्लोव्हाकियाचा. तुम्ही ज्या काळातून आलात तिथल्या नकाशावर हे दोन्ही देश या नावांनी सापडत नाहीत.

मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बाग वगैरे शोधू नका. ही गोल, भली थोरली इमारत आहे आणि तिच्या पोटाखाली पेन स्टेशन आहे. १९७१ साली मुष्टियोद्धे अली आणि फ्रेझियर पहिल्यांदा भिडले ते याच छताखाली. एरवी इथे बास्केटबॉल असतो, नाहीतर बर्फावरची हॉकी. या आठवड्यात जमिनीवर गालिचा अंथरलाय. ऐकायला विचित्र वाटेल, पण हे खरोखरच गालिच्यावरचं टेनिस आहे: पट्ट्या गुंडाळून आणायच्या, उलगडून अंथरायच्या, स्पर्धा संपली की पुन्हा गुंडाळून न्यायच्या. चेंडू त्यावर फारसा उसळत नाही, सरपटत येतो. ‘सुप्रीम कोर्ट’ असं त्या गालिच्याचं भारदस्त नाव आहे.

जागेवर बसा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. बाहेरच्या टेनिसमध्ये फटक्याचा आवाज आकाशात विरून जातो, इथे तो छतापर्यंत जाऊन परत येतो. वारा नाही, डोळ्यांवर येणारं ऊन नाही, पाऊस नाही. सर्व्हिससाठी वर टाकलेला चेंडू जिथे टाकला तिथेच असतो. हरलेल्याला नंतर सांगायला सबब उरू नये, अशाच बेतानं हा सगळा डाव मांडलाय असं मला नेहमी वाटत आलंय. स्पर्धेची रचनासुद्धा तशीच. वर्षभरातले पहिले आठ खेळाडू, चौघांचे दोन गट, गटात प्रत्येकाशी सामना, मग उपांत्य फेरी. एखाद्या वाईट दिवसानं कुणी लगेच बाहेर जात नाही.

आता इव्हान लेंडलकडे बघा. या हॉलसाठीच जन्माला आल्यासारखा माणूस. मास्टर्सची ही त्याची सलग नववी अंतिम फेरी आहे आणि पाच वेळा तो जिंकलाय. अमेरिकन ओपनसाठी कोर्ट तयार करणाऱ्या लोकांनाच बोलावून त्यानं आपल्या कनेक्टिकटच्या घरी तसंच कोर्ट करून घेतलंय. सामन्यात चेंडू बदलले की तो रॅकेटही बदलतो, कारण नव्या चेंडूला तारांचा ताणही नवाच हवा. खिशात लाकडाचा भुसा असतो, तळहाताचा घाम टिपायला. सर्व्हिसआधी पापणीचे केस उपटायची सवय मात्र कशासाठी, ते तोच जाणे. नशिबाला शिरायला फट म्हणून ठेवली नाही या गृहस्थानं. तरी सप्टेंबरमध्ये मॅट्स विलँडरनं त्याला अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात हरवलं आणि सलग १५७ आठवडे राखलेला पहिला क्रमांक गेला. कॉनर्सच्या विक्रमाला तीन आठवडे कमी पडले. पाठोपाठ खांद्याची शस्त्रक्रिया झाली. तो खांदा घेऊनच आज तो उतरलाय.

पलीकडे बोरिस बेकर, दोनच आठवड्यांपूर्वी एकवीस वर्षांचा झालेला. सर्व्हिस करताना तो पुढे-मागे झुलतो, ते नीट बघा. आणि जीभ बघा. या आठवड्यातल्या आठांमध्ये अठरा वर्षांचा आंद्रे अगासीही होता. पुढे बऱ्याच वर्षांनी तो सांगणार आहे की बेकरची सर्व्हिस कुठे पडणार, हे त्याच्या बाहेर आलेल्या जिभेवरून ओळखता येतं. लेंडलच्या खुर्चीपाशी जाऊन हे कानात सांगावंसं वाटेल. सांगू नका, सुरक्षारक्षक धिप्पाड आहेत.

पहिला सेट लेंडलचा, ७-५. दुसरा बेकर टायब्रेकवर घेतो. तिसरा पुन्हा लेंडलकडे, ६-३. चौथ्यात बेकर त्याला ६-२ असा धुतो. या भागात हवं तर उठून कॉफी घेऊन या. पाचव्याला मात्र हलू नका.

सहा-सहा. विम्बल्डनला असते तर या काळात पाचवा सेट दोन गेमचा फरक पडेपर्यंत चालू राहिला असता, इथे टायब्रेक आहे. पुण्यात एव्हाना मंगळवार उजाडलाय, लोक चहा पिऊन कामाला लागलेत आणि हे दोघे चार तासांहून जास्त वेळ एकमेकांना सोडायला तयार नाहीत. पाच-पाच. मग सहा-पाच, बेकर. मॅचपॉइंट.

रॅली सुरू होते आणि सात-आठ फटक्यांतच तुमच्या लक्षात येईल की काहीतरी वेगळं चाललंय. संधी मिळेल तेव्हा जाळीकडे धावणारा बेकर मागच्या रेषेवर थांबलाय. बॅकहँडला बॅकहँड, तिरका, पुन्हा तिरका. पंधरा झाले. वीस. कुणीच रेषेलगत मारायचं धाडस करत नाही. थकलेल्या पायांनी मारलेले सावध, जपून टाकलेले फटके आहेत हे, देखणे मुळीच नाहीत. मला ही रॅली आवडते ती त्यासाठीच. निकाल तुम्ही घरूनच वाचून आलात, तरी तिसाव्या फटक्याला तुमचा श्वास अडकतो की नाही बघा.

या काळात जाळीच्या खांबापाशी एक पंच बसतो, जाळीच्या वरच्या पट्टीवर, म्हणजे टेपवर, बोट ठेवून. सर्व्हिस टेपला घासून गेली की बोटाला ते कळतं, तो ओरडतो आणि सर्व्हिस पुन्हा होते. रॅलीत मात्र त्याच्या बोटाला काही अधिकार नाही. चेंडू टेपला लागून पलीकडे पडला तर पडला.

सदतिसावा फटका बेकरचा, बॅकहँड. चेंडू टेपवर आदळतो, उचलला जातो आणि लेंडलच्या बाजूला जाळीलगत पडतो. मागच्या रेषेवरून तिथवर पोचणं कुणालाच शक्य नाही. ७-५. चार तास बेचाळीस मिनिटं.

सगळा हॉल उभा राहिलाय. शेजारचा माणूस हात झटकत म्हणेल, “नशीब, दुसरं काय!” त्याचं म्हणणं खोटं नाही. पण आधीचे छत्तीस फटके दोघांपैकी एकानंही चुकवले नाहीत, तेव्हा कुठे त्या टेपला बोलायची पाळी आली, हेही त्याला सांगून बघा. तो ऐकणार नाही. लेंडलचा भक्त आहे तो. कोटाची बटणं लावत म्हणेल, “पुढच्या वर्षी इथेच, सलग दहावी फायनल. लावता पैज?”

पुढच्या वर्षी एडबर्ग लेंडलला उपांत्य फेरीतच बाहेर काढणार आहे, आणि त्यानंतर ही स्पर्धा फ्रँकफर्टला जाईल ती जाईलच, पुरुषांची मास्टर्स पुन्हा गार्डनमध्ये येणार नाही. पैज खुशाल लावा. वसूल करायला तेवढं वर्षभरानं परत यावं लागेल.