लटलटा

इंग्रजीतल्या ‘नर्व्हसली’ या क्रियाविशेषणाला मुले ‘घाबरत घाबरत’ एवढाच प्रतिशब्द देतात. मला ही काटकसर पटत नाही. थरथर, लटलटा, चळचळा हे शब्द काय वाईट आहेत? कापणाऱ्या अंगाचीच ती नक्कल आहे. ऐकताच अर्थ कळतो. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये, आणि तिथे त्याचा अर्थ स्नायू, कंडरा. मौज अशी की, एके काळी इंग्रजीत ‘नर्व्हस’ म्हणजे पिळदार, दमदार! अठराव्या शतकात मज्जातंतूंच्या दुखण्यांची चर्चा वाढली, आणि हा पैलवान शब्द हळूहळू कापू लागला.

आमच्या भीतीला बाजाराचा नि मांडवाचा वास आहे. धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयाचे धान्य पाचाच्या मापावर घसरले की गरिबाच्या पोटात गोळा उठे, म्हणून ‘पाचावर धारण बसली’, असे सांगतात. ‘तारांबळ’ तर मंगलाष्टकांतल्या ‘ताराबल’वरून आली. भटजींच्या तोंडी तो शब्द आला की मुहूर्त गाठण्यासाठी जी धांदल उडे, तिलाच ते नाव चिकटले.

हे सारे शब्द आमच्या वसईने एकाच पाहुण्याच्या अंगावर पाहिले. १८०२ सालच्या ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून निघाला; सिंहगड, मग महाड, मग समुद्र, आणि डिसेंबरात वसई. ‘पळपुटा’ हे विशेषण त्याला कायमचे लागले.

ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण वसईचा किल्ला दाखवायला मुलांना नेतो तेव्हा आणखी दोन गोष्टी सांगतो. या माणसाचे बालपण नजरकैदेत गेले होते. आणि आदल्याच वर्षी, १८०१ मध्ये, यशवंतरावांच्या भावाला, विठोजीला, त्याने पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. एकदा एका मुलीने विचारले, “गुरुजी, मग तो होळकरांना भीत होता की विठोजीला?” अशा प्रश्नाला क्रमिक पुस्तकात उत्तर नसते. मीही दिले नाही.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, ते याच बाजीरावाच्या आजोबांचे सख्खे भाऊ. मधे अवघी त्रेसष्ट वर्षे. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी नातवाने इंग्रजांशी तह केला. निदान सहा हजार इंग्रजी पायदळ पदरी बाळगायचे, त्याच्या खर्चापायी सव्वीस लाखांचा मुलूख द्यायचा, आणि परक्या दरबारांशी इंग्रजांना विचारल्यावाचून बोलायचे नाही. शिंदे आणि भोसले या तहावर चिडले आणि वर्षभरात लढाईही हरले.

रावबाजी मे १८०३ मध्ये पुण्याच्या गादीवर परत बसला. सोबत इंग्रजांची फौज होती.