ड्रायवॉल, गिलावा आणि प्रायमर

अमेरिकेत ऑनसाइटला गेलेल्या प्रत्येकाने एकदा तरी घराच्या भिंतीवर टकटक करून पाहिलेलं असतं. आवाज पोकळ येतो आणि मग "हे लोक पुठ्ठ्याच्या घरात राहतात की काय?" हा शेरा ठरलेलाच! शेरा अगदीच चूक नाही. दोन जाड कागदांमध्ये जिप्सम, अशी ती फळी. नाव ड्रायवॉल. आता 'ड्राय' कशाच्या तुलनेत, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर शोधत थेट रंगाच्या डब्यापर्यंत पोचलो.

तुलना आहे ओल्या गिलाव्याशी. पूर्वी तिकडे लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर गिलाव्याचे दोन-तीन थर चढवत. प्रत्येक थर वाळायला वेळ. त्यात चुना म्हणजे कडक अल्कली. घाईघाईत तेलाचा रंग लावला, तर अल्कली आणि तेल मिळून चक्क साबण तयार होतो! रंग चिकट राहतो, मग सुटून येतो. त्यामुळे घर उभं राहिलं तरी रंगारी थांबलेलाच.

1894 साली ऑगस्टीन सॅकेटने कागद आणि प्लास्टरच्या थरांच्या फळीचं पेटंट घेतलं. 1909 मध्ये त्याचा धंदा युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने विकत घेतला आणि 1917 पासून 'शीटरॉक' हे नाव बाजारात आलं. पण लोकांच्या लेखी खरी भिंत गिलाव्याचीच. फळी म्हणजे स्वस्तातला माल. पारडं फिरलं ते दुसऱ्या महायुद्धात. कुशल हात कमी आणि बांधकाम तर झटपट हवं. युद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये 1947 ते 1951 या काळात 17 हजारांवर घरं उभी राहिली, ती ड्रायवॉल लावूनच. गिलावा करणाऱ्याचं पिढ्यांचं कसब काही वर्षांत मागे पडलं.

मग काय, फळी ठोकली की लगेच रंग? इथेच तर मेख आहे. फळी अल्कली नाही, पण तहानलेली आहे. आणि तहानही सगळीकडे सारखी नाही! कागद एका वेगाने पाणी पितो, सांध्यांवर भरलेली लांबी दुसऱ्या. त्यातच 1948 मध्ये ग्लिडन कंपनीचा 'स्प्रेड सॅटिन' हा पाण्यातला लेटेक्स रंग आला. युद्धात कृत्रिम रबरावर झालेल्या संशोधनाचंच ते फळ. असा रंग कोऱ्या फळीवर लावला, की लांबी त्यातलं पाणी भराभर ओढून घेते, थर नीट बांधला जात नाही, आणि तिरप्या उजेडात प्रत्येक सांधा पट्ट्यासारखा दिसतो. घासकामाची भुकटी राहिली असेल तर आणखी वाईट. रंग भिंतीला नाही, भुकटीला चिकटतो!

म्हणून क्रम असा: लांबी पूर्ण वाळू द्यायची, घासायची, भुकटी पुसायची, मग ड्रायवॉलच्या प्रायमरचा एक हात. तो वाळला की दिवा भिंतीलगत धरून खाचखळगे बघायचे, दुरुस्त करायचे, तेवढ्यावर पुन्हा प्रायमर, आणि मग रंगाचे दोन हात. वॉलपेपर लावणार असाल तरी प्रायमर हवाच. नाहीतर पुढे तो काढताना फळीचा कागदही सोलून येतो.

आपल्याकडे घराच्या भिंती बहुतेक सिमेंटच्या, म्हणजे पुन्हा अल्कली. तिथे प्रायमरने अल्कलीला तोंड द्यायचं. ऑफिसातल्या जिप्समच्या पार्टिशनवर मात्र त्याने तहान भागवायची. डब्यावर शब्द एकच, काम वेगळं. तेव्हा "प्रायमर कशाला? रंगाचा एक हात जास्त मारू" असं कोणी म्हणालं, तर आधी भिंतीवर टकटक करा, आणि आवाज कसा येतो ते त्यालाही ऐकवा.