खिळ्याचा वेग आणि हाताचा विराम : नेल गनची कथा (थ्रेड)

१/ वाईजवळच्या मेणवली गावी, कृष्णेच्या काठावर, नाना फडणवीसांचा वाडा आजही उभा आहे. तेथून पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी लागते. वाट काही मैलांची, पण या दोन ठिकाणच्या बांधकामांमध्ये सुतारकामाचे एक युग बदललेले आहे. त्या बदलाच्या मुळाशी आहे एक क्षुद्र वाटणारी वस्तू : लोखंडी खिळा.

२/ पेशवाईतील वाड्यांचे लाकूडकाम मुख्यतः सांध्यांवर तोललेले असे. एका लाकडाचे टोक तासून दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवायचे, ही त्या कामाची रीत. खिळा लोहाराच्या भट्टीत एकेक करून घडवावा लागे. साहजिकच तो महाग असे आणि जपून वापरला जाई. वाड्यांच्या दरवाजांवरील मोठ्या डोक्याचे खिळे मिरवले जात, त्याचे हेही एक कारण.

३/ १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाच्या पुढाकाराने पाचगणी वसली. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधले हे ठिकाण. महाबळेश्वरच्या मानाने येथे पाऊस कमी, म्हणून वर्षभर राहण्यास ते योग्य ठरले. चेसनने येथे सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडे लावली. पुढे बंगले आणि निवासी शाळा उभ्या राहिल्या.

४/ याच काळात युरोप-अमेरिकेत यंत्रावर तारेचे खिळे तयार होऊ लागले आणि खिळा स्वस्त झाला. छपराच्या फळ्या, व्हरांड्याच्या चौकटी, पत्रे अशा कामांत तो मुठीमुठीने वापरता येऊ लागला. ठोकणारे साधन मात्र हातोडाच राहिला. खिळा चिमटीत धरायचा, दोन हलके ठोके देऊन तो उभा करायचा, बोटे बाजूला घ्यायची आणि मगच जोराचा घाव घालायचा. त्या हलक्या ठोक्यांत सुताराचे संरक्षण होते. घाव चुकला तर अंगठा ठेचला जाई, पण खिळा सहसा शरीरात शिरत नसे.

५/ यंत्राचा वेग हा विराम हिरावून घेतो, हे मुंबईच्या गिरण्यांनी आधीच दाखवून दिले होते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. मागण्या होत्या : आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. विश्रांती आणि सुरक्षितता हे एकाच मागणीचे दोन भाग आहेत, हे लोखंड्यांनी ओळखले होते.

६/ खिळ्याच्या कामात हा प्रश्न १९५० मध्ये आला. त्या वर्षी अमेरिकेत दाबाच्या हवेवर चालणारी नेल गन बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे घरांची मोठी मागणी होती. जमिनीच्या फळ्या ठोकणारा कामगार आता उभ्यानेच मिनिटाला ४० ते ६० खिळे ठोकू लागला.

७/ तिची रचना सोपी आहे. कॉम्प्रेसरमधील दाबाची हवा नळीतून येते. घोडा ओढताच ती दट्ट्याला खाली ढकलते, आणि दट्ट्याला जोडलेली पाती खिळ्याला एकाच घावात लाकडात घालते. गनच्या नाकाशी एक सुरक्षा-टोक असते. ते पृष्ठभागावर दाबले गेल्याशिवाय खिळा सुटू नये, अशी योजना असते.

८/ खरा भेद घोड्याच्या प्रकारात आहे. एका प्रकारात बोट घोड्यावर दाबूनच ठेवायचे. नाक जेथे टेकेल तेथे खिळा सुटतो. मग ते फळीला टेको की शेजाऱ्याच्या मांडीला. उलट धक्क्याने गन उसळून पुन्हा टेकली, तर नको असलेला दुसरा खिळाही सुटतो. दुसऱ्या प्रकारात क्रम बांधलेला असतो : आधी नाक टेकवायचे, मग घोडा ओढायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा आरंभ करायचा. हातोड्याचे ते दोन हलके ठोके येथे यंत्रातच परत आणलेले आहेत.

९/ २००१ ते २००५ या काळात अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत नेल गनचे दरवर्षी सरासरी सुमारे ३७,००० जखमी येत होते. बहुतेक जखमा हाताला व बोटांना होत्या. शिकाऊ सुतारांच्या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या घोड्याचा धोका क्रमवार घोड्याच्या सुमारे दुप्पट आढळला. कामाच्या वेगातील फरक मात्र घोड्यापेक्षा कारागिराच्या कसबावर अधिक अवलंबून होता. म्हणजे विरामाची किंमत भासते तेवढी मोठी नव्हती.

१०/ आज महाराष्ट्रात फर्निचरच्या कारखान्यांत आणि लाकडी खोक्यांच्या कामात ही गन सर्रास दिसते. तिचे नियम थोडे आहेत :
• क्रमवार घोड्याचीच गन घ्यावी. सुरक्षा-टोक बांधून वा काढून ठेवू नये.
• डोळ्यांवर चष्मा हवाच. कानांनाही संरक्षण द्यावे.
• मोकळा हात खिळ्याच्या जागेपासून किमान एक फूट दूर ठेवावा. लाकडाच्या गाठीवर खिळा वळून बाहेर येऊ शकतो.
• अडकलेला खिळा काढण्यापूर्वी हवेची नळी सोडवावी.
• शिडी चढताना वा गन दुसऱ्याच्या हाती देताना बोट घोड्यावर नसावे.
• ऑक्सिजनची वा अन्य वायूची टाकी गनला कधीही जोडू नये; स्फोट होऊ शकतो.

११/ १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाविषयी होते. पण छोट्या कार्यशाळेत, नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराला प्रत्येक विराम म्हणजे बुडालेली कमाई वाटते. म्हणून चष्मा आणि योग्य घोडा पुरवण्याची पहिली जबाबदारी मालकाची ठरते. लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणीतल्या कामगारासाठी अर्धा तास मागितला होता. नेल गन चालवणाऱ्याला दोन खिळ्यांमधला एक क्षण हवा आहे. (समाप्त)