‘सर्वांत श्रेष्ठ’ म्हणजे कोणत्या सर्वांत?
दूरचित्रवाणी मालिकांची क्रमवारी आणि जालना जिल्ह्यातील प्रेक्षक

दूरचित्रवाणीवर आजवर झालेल्या मालिकांत सर्वश्रेष्ठ कोणती, हा प्रश्न विद्वानांच्या चर्चेत सहसा स्थान पावत नाही. तो गप्पांचा, फार तर वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांचा विषय समजला जातो. परंतु ज्या प्रश्नावर समाजातील सर्व थरांचे लोक आपण होऊन वाद घालतात, तो प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने क्षुल्लक मानणे योग्य नव्हे. अशा वादात लोक आपली अभिरुची तर सांगतातच. शिवाय आपण काय पाहिले, केव्हा पाहिले आणि काय पाहू शकलो नाही, हेही नकळत सांगून जातात. प्रस्तुत लेखात मालिकांची नवी क्रमवारी लावण्याचा हेतू नाही. अशा क्रमवारीला आधारभूत असणारी सामग्री कशी तयार झाली, आणि जालन्यासारख्या जिल्ह्याला तीत कितपत वाव मिळाला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. ‘श्रेष्ठ’ हे संस्कृतातील तमभावाचे रूप आहे. ‘प्रशस्य’ या विशेषणाला ‘श्र’ हा आदेश होऊन ‘श्रेयस्’ आणि ‘श्रेष्ठ’ ही रूपे सिद्ध होतात, असे पाणिनीने सांगितले आहे. म्हणजे ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणताना आपण मुळातच पराकोटी दाखविणाऱ्या शब्दाला ‘सर्व’ची जोड देतो. मराठीने मात्र तर-तमभावाचे हे प्रत्यय आपल्या व्याकरणात चालते ठेवले नाहीत. मराठी माणूस तुलना करताना ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ वापरतो आणि पराकोटी सांगताना ‘सर्वांत’, ‘सगळ्यांत’, खेड्यापाड्यांत ‘समद्यात’ असे म्हणतो. ही सप्तमी महत्त्वाची आहे. ज्या समूहात तुलना करावयाची तो समूह सुचविल्याखेरीज मराठीत पराकोटी सांगताच येत नाही. ‘सर्वांत चांगली मालिका’ असे कोणी म्हटले की ‘कोणत्या सर्वांत?’ हा प्रश्न त्या वाक्याच्या रचनेतूनच उपस्थित होतो. क्रमवारीच्या बहुतेक वादांत नेमका हाच प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

परदेशांतील प्रसिद्ध याद्या पाहिल्या तर हे सहज ध्यानात येईल. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००० मध्ये ब्रिटिश कार्यक्रमांपैकी शंभरांची यादी सिद्ध केली. तीत ‘फॉल्टी टॉवर्स’ ही विनोदी मालिका पहिली आली. अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने २०१३ मध्ये लेखनाचा निकष लावला, तेव्हा ‘द सोप्रानोज’ पहिली ठरली. बीबीसीने २०२१ मध्ये एकविसाव्या शतकापुरता कौल घेतला, तेव्हा पहिले स्थान ‘द वायर’ला मिळाले. या तीन निवाड्यांत विरोध नाही, कारण तिन्हींतले ‘सर्व’ वेगवेगळे आहे. वाद माजतो तो या मर्यादा पुसून टाकून ‘सार्वकालिक’ आणि ‘जागतिक’ ही विशेषणे लावली जातात तेव्हा.

आपल्याकडे श्रेष्ठत्वाचा निवाडा करण्याची एक निराळी रीत पूर्वापार चालत आलेली आहे. जुन्या मराठी कवींविषयीचे एक छोटेसे पद्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले जात आले. त्यात कवींना पहिला, दुसरा असे क्रमांक दिलेले नाहीत. वामन, तुकाराम, ज्ञानेश्वर आणि मोरोपंत यांना अनुक्रमे श्लोक, अभंग, ओवी आणि आर्या ही क्षेत्रे वाटून दिली आहेत. एकाचे थोरपण दुसऱ्याच्या थोरपणाला बाधक होत नाही, हा या रीतीचा मोठा गुण होय. परंतु तिचाही एक दोष आहे, आणि तो जालन्याच्या अभ्यासकाला चटकन जाणवावा. याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांचे नाव त्या पद्यात नाही. भुजंगप्रयात वृत्तातील त्यांचे मनाचे श्लोक महाराष्ट्रात घरोघरी म्हटले जातात, आणि ‘दासबोध’ तर ओवीबद्धच आहे. परंतु श्लोक आणि ओवी ही दोन्ही आसने आधीच दिली गेली होती. जागा मोजक्याच असल्या की मोठ्या माणसालाही बाहेर राहावे लागते. यादी वाचताना तीत कोण आहे याबरोबरच तिच्या रचनेमुळे कोण राहिले, हेही पाहावयाचे असते.

आता दूरचित्रवाणीच्या इतिहासाकडे वळू. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपणास आरंभ झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यास ते कार्यक्रम दिसू लागले. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ हे कार्यक्रम आणि चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ ही मालिका, जीत दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले होते, यांना मराठी दूरचित्रवाणीच्या सुवर्णकाळाचे नमुने म्हणून आजही गौरविले जाते. हा गौरव अस्थानी नाही. मात्र हा सुवर्णकाळ मुंबई, पुणे आणि त्यांच्या आसपासचा प्रदेश यांचा होता. त्या वेळी जालना हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १ मे १९८१ रोजी मुख्यतः तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून निर्माण झाला. मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी मराठवाड्यापर्यंत पोचत नव्हत्या. ज्या वर्षांत पुण्यातील एखादे कुटुंब चिमणरावांच्या फजितीवर हसत होते, त्या वर्षांत भोकरदन किंवा परतूर येथील कुटुंबाला ते चिमणराव पुस्तकातच भेटू शकत होते.

देशाच्या अंतर्भागात दूरचित्रवाणी पोचली ती उपग्रहामुळे. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९८४ मध्ये लघुशक्ती प्रक्षेपकांची साखळी देशभर झपाट्याने उभी राहिली. हे प्रक्षेपक उपग्रहावरून प्रामुख्याने दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम घेत असत. मुंबईचे मराठी कार्यक्रम राज्याच्या दूरच्या भागांत नियमितपणे दिसू लागले ते त्यानंतर. यातून एक विलक्षण परिणाम घडला. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाने दूरचित्रवाणीची भाषा म्हणून प्रथम मराठी ऐकली; मराठवाड्याच्या प्रेक्षकाने प्रथम हिंदी ऐकली. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’, त्यानंतरची ‘नुक्कड’ आणि ‘बुनियाद’ यांनी येथील प्रेक्षकांची पहिली पिढी घडविली. निजामी राजवटीत कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि बाजारपेठेत दखनी कानांवर पडत होती. त्यामुळे ही हिंदी येथील कानाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. पुण्याच्या स्मरणयादीचा आरंभ ‘चिमणराव’पासून आणि जालन्याच्या यादीचा ‘हम लोग’ किंवा ‘रामायण’पासून होत असेल, तर तो अभिरुचीचा फरक नव्हे; प्रक्षेपणाच्या भूगोलाचा फरक होय. त्यावरून एखाद्या प्रदेशाचे मराठीपण उणे ठरविणे हा उघड अन्याय ठरेल.

रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपले; बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत चालले. संच थोड्या घरांत, आणि प्रेक्षक मात्र साऱ्या आळीचे, अशी ती वेळ होती. चातुर्मासात श्रीधराचे ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ ऐकत आलेल्या श्रोत्यांनी या मालिकांकडे पोथीश्रवणाच्या संस्कारातून पाहिले. देशभर अनेक ठिकाणी संचाला हार घातले गेले, हे तत्कालीन वृत्तान्तांत नमूद आहे. असा प्रेक्षक अभिनय किंवा छायाचित्रण यांचे गुण मोजत बसत नाही. कथा जशी ऐकली तशी ती सांगितली गेली काय, हे पाहतो. नगरातील समीक्षक याच मालिकांच्या भडक नेपथ्यावर आणि संथ गतीवर बोट ठेवतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, पण दोघांचा निकष एक नाही.

काळाच्या दृष्टीनेही ‘सर्व’ अपुरेच राहते. आरंभीच्या काळात ध्वनिचित्रफिती महाग होत्या आणि एकच फीत पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभर होती; बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग यामुळेच नष्ट झाले. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकातील पुष्कळ सामग्रीही आज पाहावयास मिळत नाही. जे उरले त्याचे पुनःप्रक्षेपण होते, ज्याचे पुनःप्रक्षेपण होते ते नव्या पिढीला आठवते, आणि जे आठवते ते यादीत येते. ‘काळाच्या कसोटीस उतरलेले’ असे ज्याला आपण म्हणतो, ते पुष्कळदा केवळ न पुसली गेलेल्या फितीवरचे असते.

लोकप्रियतेच्या आकड्यांनी तरी हा वाद मिटावा, असे कोणी म्हणेल. परंतु हे आकडे कोठून येतात? प्रेक्षकसंख्येचे मापन करणारी ‘टॅम’ ही यंत्रणा दीर्घकाळ एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांपुरतीच मर्यादित होती. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार आणि जालना शहराची २ लाख ८५ हजार होती. लाखाची मर्यादा ओलांडणारे दुसरे गाव जिल्ह्यात नव्हते. म्हणजे अंबड, मंठा, जाफराबाद येथील माणसांनी काय पाहिले, हे त्या मोजणीच्या कक्षेतच येत नव्हते. ‘बार्क’ या नव्या यंत्रणेने ग्रामीण भागाची आकडेवारी देण्यास सुरुवात केली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये. तोवर ‘आभाळमाया’सारख्या मालिकांचा काळ होऊन गेला होता, आणि २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग पुरे करून २०१३ मध्ये संपलीही होती. शिवाय या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. सायंकाळच्या मालिकेच्या वेळी वीज नसणे ही बाब त्या काळच्या कोणत्याही यादीच्या हिशेबात धरलेली नाही.

आकडा मोठा असला तरी तो वाद मिटवीत नाही, याचे उदाहरण २०२० मध्ये मिळाले. टाळेबंदीत ‘रामायण’चे पुनःप्रक्षेपण झाले आणि १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे सांगून दूरदर्शनने जागतिक विक्रमाचा दावा केला. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेत झालेला ‘मॅश’चा अंतिम भाग साडेदहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिल्याची नोंद असल्याने या दाव्याला तत्काळ आक्षेप घेतला गेला. उभय पक्षांनी संख्येची चर्चा केली. बंद घरांत बसलेल्या माणसांना ही कथा पुन्हा का पाहावीशी वाटली, या अधिक महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर त्या संख्येत नव्हते.

यावरून श्रेष्ठकनिष्ठ असे काही नसतेच, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. थोड्या भागांची मालिका आणि हजारो भागांची मालिका यांना एकाच ओळीत उभे करणे म्हणजे स्फुट श्लोक आणि आख्यान यांची तुलना करण्यासारखे आहे. परंतु श्लोकांत उत्तम श्लोक आणि आख्यानांत उत्तम आख्यान निश्चित सांगता येते. जुन्या पद्याची रीत येथे उपयोगी पडेल. मध्यमवर्गीय विनोदात ‘चिमणराव’, फाळणीच्या दुःखाच्या चित्रणात १९८८ मधील गोविंद निहलानी यांची ‘तमस’, इतिहासकथनात श्याम बेनेगल यांची त्रेपन्न भागांची ‘भारत एक खोज’, पुराणकथेच्या सामुदायिक श्रवणात ‘रामायण’ आणि ‘महाभारत’, आणि मराठी दैनंदिन मालिकेचा पाया घालण्यात ‘दामिनी’, अशी क्षेत्रवार वाटणी प्रस्तुत लेखकास समर्थनीय वाटते. ‘दामिनी’ची नायिका प्रतीक्षा लोणकर या मराठवाड्याच्या रंगभूमीवरून आलेल्या, हेही येथे नमूद करावे. ही वाटणी मान्य नसणाऱ्याने निराळी करावी. मात्र आपले क्षेत्र कोणते, प्रेक्षक कोणते आणि काळ कोणता, हे त्याने आधी सांगावे. तेवढे सांगितले की पुष्कळसे वाद आपोआप शमतात आणि जे उरतात ते खरोखर घालण्याजोगे असतात.

राहिला प्रश्न, त्या पद्यात रामदासांच्या वाट्याला जे आले ते येथील प्रेक्षकांच्या वाट्याला येऊ नये यासाठी काय करावे. १९८४ मध्ये विशीत असलेले प्रेक्षक आज साठी ओलांडून गेले आहेत. गावात पहिला संच कोणाकडे आला, तो पाहावयास कोण जाई आणि कोणाला उंबऱ्याच्या आत घेतले जात नसे, स्त्रियांना घरकामातून किती वेळ मिळे, हिंदी संवाद कोण कोणास मराठीत समजावून सांगे, कोणते शब्द मालिकांतून बोलीत आले आणि टिकले, या गोष्टी कोणत्याही मापनयंत्रणेने टिपलेल्या नाहीत. त्या केवळ माणसांच्या आठवणीत आहेत. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ठरावीक प्रश्नावली घेऊन आणि उत्तरे सांगणाऱ्याच्याच बोलीत जशीच्या तशी उतरवून घेऊन हे काम केले, तर भाषाशास्त्र आणि समाजेतिहास या दोन्ही शाखांना मोलाचे साधन मिळेल. या कामास फार खर्च लागणार नाही. मात्र ते आणखी वीस वर्षे लांबविले तर ज्यांना विचारावयाचे ते हयात नसतील.