तळटीप : ‘गना’ आणि ‘एन्ट’

* गना : ‘गोइंग टू’चे बोलीतले आखूड रूप, ‘जातो आहे’चे ‘जातोय’ व्हावे तसे. मात्र पुढे क्रियापद असेल तरच ते चालते. ‘आय ॲम गना ईट’ हे इंग्रजी घराघरांत ऐकू येते; ‘आय ॲम गना लंडन’ असे कोणीच म्हणत नाही, कारण तिथे ‘गोइंग’ म्हणजे खरेखुरे जाणे. हा नियम लहान मुलेही न शिकवता पाळतात. अशा बोलण्याला गबाळे म्हणणे अन्यायाचे आहे.

‘एन्ट’ने जास्त सोसले. ‘ॲम नॉट’पासून निघालेले हे जुने रूप. १९६१च्या वेब्स्टर कोशाने त्याला सौम्यपणे वागवले, तर अमेरिकी वृत्तपत्रे कोशावरच तुटून पडली.

प्रस्तुत संवादांत दोन्ही रूपे कायम ठेवली आहेत. — संपादक