बचत सारखी, कर्ज गरजेप्रमाणं

आपल्या गटाचा एक नियम सगळ्यांना पाठ आहे. महिन्याची बचत सगळ्यांची सारखी, शंभर तर शंभर. पण कर्ज द्यायची वेळ आली की आपण सारखं वाटत नाही. कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाचं बियाणं उगवलं नाही आणि दुबार पेरणी आली, ते पाहून आधी तिला देतो. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास याच नियमाचा आहे. फक्त गटाच्या जागी सरकार आहे आणि कर्जाच्या जागी शाळेचा पैसा.

वऱ्हाडात पैसा नव्हता, असं कोणी म्हणू नये. पांढरं सोनं इथंच पिकायचं. पण 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला, तो हैदराबादच्या फौजेचा खर्च इथल्या महसुलातून निघावा म्हणून. 1902 मध्ये इंग्रजांनी तो कायमच्या पट्ट्यानं घेतला आणि निजामाला वर्षाला 25 लाख रुपये द्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी आपल्याला मध्य प्रांताला जोडून टाकलं. अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीतला पैसा असा आधी फौजेकडे, मग निजामाच्या खजिन्यात. शाळेच्या नावानं साऱ्यावर वेगळी पट्टी भरूनही पुष्कळ गावांतल्या लेकरांना पुढच्या वर्गासाठी गाव सोडावं लागे. तिकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1882 मध्येच हंटर आयोगाला सुनावलं होतं, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या कामी येतो.

पंजाबराव देशमुखांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. जन्म 1898 चा, गाव पापळ. पुढच्या वर्गासाठी चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती असं त्यांना फिरावं लागलं. विलायतेहून परत आल्यावर त्यांनी 1927 च्या सुमारास अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. आम्हाला यातलं शहाणपण फार मोठं वाटतं. शाळा होती, फी माफ झाली, तरी खेड्यातलं गरिबाचं पोर शहरात राहणार कुठं आणि खाणार काय? छात्रालयात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. 1928 मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हा कर वाढवून प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायला घेतलं. कर वाढवणारा पुढारी लोकांना आवडत नाही, तरी केलं.

पुढं महाराष्ट्र झाला. 1983 मध्ये वि. म. दांडेकरांची समिती बसली. राज्याची सरासरी काढायची, आणि कोणता जिल्हा त्याच्या किती मागं आहे ते रुपयांत मोजायचं, अशी त्यांची रीत. रस्ते, पाणी, दवाखाने, तसंच शिक्षणही मोजलं. 1984 च्या अहवालात राज्याचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी निघाला, त्यात विदर्भाचा सुमारे 1,247 कोटी. अनुशेष हा शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी बसला. मात्र जिल्ह्याच्या सरासरीत एक फसवणूक असते. अमरावती शहर आणि मेळघाट एकाच जिल्ह्यात येतात. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू लेकराला घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची भाषा वेगळी, ते सरासरीत दिसत नाही.

1992 मध्ये राज्यानं गरीब घरच्या अनुसूचित जाती-जमातीच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या, पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. विचार बरोबर होता. वेचणीच्या दिवसांत आई वावरात जाते आणि लहान भावाला सांभाळायला मुलगीच घरी राहते. तिचं घरी राहणं घराला किती कामाचं आहे, हे सरकारनं निदान ओळखलं. पण पुढं मजुरी वाढली, तेल-डाळ वाढली, आणि रुपया वर्षानुवर्षं रुपयाच राहिला.

आता शाळेचं अनुदान पाहा. 2018 च्या समग्र शिक्षा योजनेत ते पटावर ठरवलं. शंभरापर्यंत पट असेल तर वर्षाला 25,000, अडीचशेपर्यंत 50,000. डोकी मोजून पैसा. पट कमी म्हणून छप्पर कमी गळत नाही, बायांनो. लहान शाळा बहुतेक तांड्यावर, पोडावर, जिथून चालती माणसं आधीच शहरात गेली अशा गावात असते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मात्र आपल्यासाठी एक वाट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया हव्यात. शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा, आणि अनुदान त्या आराखड्याच्या आधारानं मागायचं. आमच्या ओळखीच्या एका गावात समितीतल्या बायांच्या सह्या घरी येऊन घेतल्या गेल्या, आराखडा त्यांनी पाहिलाही नव्हता. पुढच्या वर्षी गटातल्या सहाजणी सभेला जाऊन बसल्या आणि तो मोठ्यानं वाचायला लावला. त्यात रंगरंगोटी होती. मुलींचं संडास नव्हतं, आणि दिवाळीनंतर आईबापांसोबत कामाला जाणाऱ्या अकरा लेकरांची सोय नव्हती. दोन्ही गोष्टी त्यांनी लिहून घ्यायला लावल्या, मग सह्या केल्या.